खोलीतलं हे काळं नेमकं कशाचं?

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्यांनो, काळं दिसलं की लगेच घरमालकाशी भांडू नका. आधी ते कुठं बसलंय ते बघा.

गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर हलके काळे कण, चुरडले की बोटाला रेघ? उसाचा हंगाम चालू असेल आणि वारा कारखान्याकडून येत असेल, तर ती बहुधा बॉयलरमध्ये जळालेल्या बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख. पंख्याच्या पात्यांवर आणि देव्हाऱ्याच्या वर असेल तर उदबत्ती, धूप नाहीतर मच्छर अगरबत्तीची काजळी.

कपाटामागं ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. पातळ ब्लीचचा थेंब टाका. दोन-एक मिनिटांत फिकं पडलं तर बुरशी, काजळी मात्र काळीच राहते. (त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.)

नळाच्या तोंडाशी, टाकीच्या तळाला काळा गाळ असेल तर संशय बोअरच्या पाण्यातल्या मँगनीजवर. हवा लागली की ते काळं पडून खाली बसतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं; अशा टंचाईत बोअरशिवाय भागत नाही. इथं घरगुती चाचण्या सोडा, पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्या.