मुलाखतीचा पोशाख

भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांतून मुलाखतीचे बोलावणे आले, की घरात पहिला प्रश्न उठतो तो कपड्यांचा. कोणी शेजाऱ्याचा कोट मागून आणतो, कोणी नव्या बुटांसाठी हातउसने पैसे घेतो. पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच कर्ज! आम्हांस हे मान्य नाही.

पोशाख कामाला शोभावा, एवढा एकच नियम पुरे. यंत्रावरच्या जागेसाठी आलेल्या उमेदवारास कधीकधी थेट यंत्रापाशी नेतात. तेथे सैल बाही, लोंबता रुमाल, हातातले कडे दिसले, तर जाणता फोरमन ओळखतो, की यास यंत्राची सवय नाही. फिरत्या शाफ्टात कापडाचे टोक अडकले, की मागोमाग हात ओढला जातो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमाने चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगारास अंगाबरोबरचे कपडे सक्तीचे केले होते. आणि ते पुरविण्याचा भार मालकावर टाकला होता, कामगारावर नव्हे!

तेव्हा घरचाच धुतलेला सदरा, मापाची विजार आणि पुसलेले बंद बूट एवढे पुष्कळ झाले. कचेरीतल्या जागेसही ते चालतात. मुलींनी साडी नेसावी की सलवार-कमीज घालावा, हा वाद व्यर्थ आहे. पदर वा ओढणी नीट खोचलेली आणि केस बांधलेले असावेत, म्हणजे झाले.

कपड्यांवरचा खर्च वाचवा आणि आदली संध्याकाळ मायक्रोमीटर वाचण्याच्या सरावात घालवा. फोरमन प्रश्न विचारणार आहे तो त्याचाच.