मनाची विद्या कोणत्या भाषेत?

बारावीचा निकाल हाती पडला की अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोनच वाटांवर आमच्या मुलांची रांग लागावी, असा प्रघात कित्येक वर्षे चालत आला. आता त्या रांगेतून काही मुले-मुली बाजूला होतात आणि मानसशास्त्राचे नाव घेतात, ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. त्यांतील काहींची दृष्टी युरोपातील अशा विद्यापीठांकडे वळली आहे, की जेथे ही पदवी एका नव्हे, दोन-तीन भाषांतून संपादन करावी लागते. अशा अर्जाची गोष्ट निघाली की घरातून पहिला प्रश्न येतो खर्चाचा आणि दुसरा नोकरीचा. भाषेचा प्रश्न ‘इंग्रजी येते ना, मग झाले’ एवढ्यावर निकालात निघतो. आमच्या मते पहिला विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

लक्झेंबर्गचे उदाहरण घेऊ. हा देश क्षेत्रफळाने आमच्या गोव्याहूनही लहान. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा, तर लक्झेंबर्ग २,५८६ चा. लोकसंख्या तर गोव्याच्या निम्म्याहून कमी. तेथील मूल घरी लक्झेंबर्गी बोलते, परंपरेने अक्षरओळख जर्मनमधून करून घेते आणि पुढे फ्रेंच शिकते. १९८४ च्या भाषा कायद्याने लक्झेंबर्गीला राष्ट्रभाषेचा मान मिळाला आणि कारभारात तिन्ही भाषांना स्थान राहिले. २००३ साली त्यांनी आपले विद्यापीठ स्थापिले तेव्हा बहुभाषिकता हे त्याचे लक्षणच ठरविले. तेथील मानसशास्त्राची पदवी तीन वर्षांची, १८० श्रेयांकांची. व्याख्याने, वाचन आणि परीक्षा एकाच भाषेत बसत नाहीत आणि एक सत्र परदेशी विद्यापीठात काढणे सक्तीचे असते. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच आणि जर्मन भाषांच्या सीमेवर वसलेल्या फ्रिबूर्गच्या विद्यापीठातही मानसशास्त्र दोन्ही भाषांतून शिकण्याची सोय आहे. भाषांच्या सीमेवरचे गाव म्हणजे भांडणाचेच गाव, हे समीकरण बेळगावच्या वाचकांना अंगवळणी पडले असेल. ते सर्वत्र खरे नाही, एवढे यावरून दिसावे.

असा अर्ज करू इच्छिणाऱ्याने भाषेची तयारी दहावीनंतरच आरंभावी, हे उत्तम. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात आणि विद्यापीठीय अध्ययनासाठी सामान्यतः चौथी, म्हणजे बी-२ ही पायरी अपेक्षित असते. अपरिचित विषयावरचा युक्तिवाद समजणे आणि त्याला उत्तर देता येणे, असा तिचा अर्थ. चार महिन्यांच्या वर्गाने ती गाठता येत नाही. कागदपत्रांचे सोपस्कार त्याहून सोपे, परंतु वेळखाऊ: बारावीच्या प्रमाणपत्राला तेथील शिक्षण मंत्रालयाची मान्यता मिळवावी लागते आणि युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वास्तव्याचा परवाना लागतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्यांची या परवान्यातून सुटका होते. त्या पासपोर्टाविषयी आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, ते येथे उगाळण्याचे कारण नाही.

खरी अडचण येते ती ‘हा विषय का निवडला’ हे लिहिताना. ‘मला लोकांना मदत करायची आहे’ असे सगळेच लिहितात आणि ते वाचून वाचून परीक्षकही कंटाळत असावेत. आमच्या मुलांजवळ लिहिण्याजोगे याहून मोलाचे काही आहे. पण भाषांच्या रकान्यात ती इंग्रजी ठळकपणे लिहितात आणि कोकणी, मराठी, हिंदी या ‘इतर’ म्हणून कशाबशा खाली दडपतात. वस्तुतः घरी कोकणी, देवळातल्या कीर्तनात, नाटकात आणि सकाळच्या वर्तमानपत्रात मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात हिंदी असे ज्याचे आयुष्य गेले, त्याला एका भाषेतून दुसरीत जाताना मन कसे बदलते याचा अनुभव पुस्तक उघडण्यापूर्वीच आलेला असतो. त्याचे आजोबा तर पोर्तुगीजमधून प्रिमेर ग्रावची परीक्षा देऊन संध्याकाळी ओटीवर मराठी पोथी वाचीत होते!

हे केवळ अभिमानाचे बोलणे नव्हे. अनेक भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. माँट्रियालच्या दहा वर्षांच्या मुलांवर पील आणि लॅम्बर्ट यांनी केलेल्या संशोधनाने १९६२ साली त्याला जबर धक्का दिला. पुढे २०१२ साली कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी कुतूहलजनक गोष्ट दाखविली. एकच उपाय ‘इतके वाचतील’ अशा शब्दांत मांडला की माणसे निश्चित फळाचा मार्ग पत्करतात आणि ‘इतके मरतील’ असा मांडला की धोका पत्करतात; परंतु हाच प्रश्न शिकलेल्या परभाषेत विचारला तर हा फरक मावळतो. अर्थात परभाषेत उत्तर देणारा आणि मायबोलीत उत्तर देणारा हे एकाच देहातले जणू दोन वेगळे मनुष्य! हैदराबादेत ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत द्विभाषिकांत हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. या निष्कर्षाविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. परंतु जो प्रश्न जगाच्या संशोधनाचा विषय झाला तो आमच्या स्वयंपाकघरात रोज घडतो, हे तरी मान्य व्हावे.

या बाबतीत आमच्या भूमीचा एक पूर्वज आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया पुढे पॅरिसला गेले आणि १८१३ पासून फ्रेंच भाषेत संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. निद्रा आणणारी शक्ती प्रयोगकर्त्याच्या अंगातून वाहत नसून ती निद्रिस्त होणाऱ्याच्या मनातच असते, हा त्यांचा सिद्धांत. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांची आख्यायिका गोव्यात कोण जाणत नाही? लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन करताना त्यांची वाचा बसली, तेव्हा पित्याने हळूच कोकणीत सांगितले, की ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी. आणि वाणी मोकळी झाली. ती घडली असो वा नसो, सूचना कोणत्या भाषेत दिली असता मनाला पोचते हे गोमंतकीयांना फार पूर्वी उमगले होते, एवढे तीत निश्चित आहे.

आणि आज त्याच गोव्यात मानसशास्त्र शिकवले जाते ते इंग्रजीतून. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘डिप्रेशन’ची लक्षणे धडाधड सांगता येतात, पण पेडणे किंवा सत्तरीतली बाई जेव्हा ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ किंवा ‘म्हाका बरें दिसना’ म्हणते, तेव्हा त्यांतील काय खिन्नता, काय भीती आणि काय नुसता थकवा, हे विचारायचे कसे, याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. परिभाषा कोशांनी ‘अवसाद’, ‘दुश्चिंता’ असे शब्द दिले, तेही त्या बाईच्या तोंडचे नव्हेत. उलट ‘संगत’ या १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसविले, आणि त्याचे सुपरिणाम २०१० व २०१७ साली ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आले. त्या समुपदेशकांची मुख्य भांडवली मत्ता त्यांची बोली होती.

पदवीने कोणी चिकित्सक होत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास पुढील शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे अर्जदारांनी ध्यानी ठेवावे. घरी बसून हा विषय शिकण्याची वाटही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केली आहे. प्रात्यक्षिकावाचून हा विषय शिकू नये हे त्यामागचे कारण रास्त असले, तरी परगावी राहणे न परवडणाऱ्या मुलीसाठी आता जवळचे महाविद्यालय हाच एक दरवाजा उरला आहे.

त्या दरवाज्यातून आत आल्यावर तिला काय मिळावे? लक्झेंबर्गला जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी अवश्य जावे. येथे राहणाऱ्यांसाठी गोवा विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने एवढे करावे, की मुलाखत घेण्याचे आणि प्रकरण लिहिण्याचे प्रात्यक्षिक कोकणीतून वा मराठीतून द्यायची मुभा असावी, आणि रुग्ण ज्या शब्दांत बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहून मग त्याखाली इंग्रजी संज्ञा लिहिण्याचा दंडक असावा. त्याला नवी इमारत लागत नाही. देवनागरी वाचता येणारा परीक्षक लागतो.