अर्ध्या तोंडाला काळं!

मुलांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली होती, त्यामुळे स्वारी भलतीच हवेत! दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो आणि आजीला म्हटलं, "आजी, हलू नकोस हं. तुझं चित्र काढतो." आजी खिडकीपाशी बसली होती. एका बाजूने ऊन येत होतं. मी उन्हाकडचा गाल कोरा सोडला आणि दुसरा कोळशाच्या कांडीने मस्त काळा केला. अगदी पुस्तकातल्या परदेशी चित्रांसारखा!

आजीने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, "का रे बाबा, माझ्या अर्ध्या तोंडाला काळं फासलंस? मी असं काय केलंय?"

मी पोट धरून हसलो. "अगं, ती सावली आहे, सावली! तुला चित्रातलं काय कळतंय?"

आजी काही बोलली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

तिला काय म्हणायचं होतं, हे मला कळायला चाळीस वर्षं लागली. आणि कळलं कुठे? तर थेट अमेरिकेत, चीनच्या महाराण्यांसमोर!

त्याचं असं झालं, २०१९ च्या मे महिन्यात मी भाचीकडे वॉशिंग्टनला गेलो होतो. तिथल्या सॅकलर गॅलरीत एक प्रदर्शन भरलं होतं. बीजिंगच्या 'फॉर्बिडन सिटी' या राजवाड्यात १६४४ ते १९१२ या काळात छिंग घराण्याच्या ज्या सम्राज्ञी होऊन गेल्या, त्यांची चित्रं, पोशाख आणि दागिने तिथे मांडले होते. चित्रकार माणूस मी, वही-पेन्सिल घेऊन निघालोच.

पहिल्यांदा, खरं सांगतो, थोडी निराशाच झाली. सगळ्या राण्या अगदी समोर तोंड करून ताठ बसलेल्या. ना कुणी हसतंय, ना कुणी मान वळवतंय. पोशाखावर मात्र केवढी नजाकत! सोनेरी ड्रॅगन, मोत्यांनी मढवलेला मुकुट आणि एकेका कानात तीन-तीन डूल. तीन डूल घालणं ही मांचू लोकांची रीत, आणि छिंग घराणं मांचूच होतं. मी वहीत उतरवायला लागलो आणि थबकलो. एकाही चेहऱ्यावर सावली नव्हती. नाकाखाली नाही की हनुवटीखालीही नाही.

मनात आलं, 'यांना सावली काढता येत नसेल.' पण तसं नव्हतं बरं का! शियाओशिएन या सम्राज्ञीचं एक मोठं चित्र तिथे होतं. ते १७७७ साली काढलं, चिनी चित्रकार यी लानताई आणि युरोपातल्या बोहेमियातून आलेला पाद्री सिखेलबार्ट यांनी मिळून. त्याच्याही आधी, १७१५ साली, इटलीचा जुझेप्पे कास्तिल्योने चीनमध्ये पोचला होता. त्याने तीन सम्राटांच्या दरबारात चित्रं काढली. ही सगळी युरोपात शिकलेली माणसं. छायाप्रकाश त्यांच्या हातचा मळ! तरीही चीनच्या दरबारात त्यांनी चेहऱ्यावर प्रकाश टाकला तो समोरून. सावली पडायला जागाच ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट ऐका. शियाओशिएन वारली १७४८ साली. म्हणजे हे चित्र तिच्या मृत्यूनंतर तब्बल २९ वर्षांनी काढलेलं! चीनमध्ये अशी चित्रं पूर्वजांना मान देण्यासाठी लावत. त्यांच्यासमोर वाकून नमस्कार करत. ज्या माणसाला नमस्कार करायचा, त्याचा चेहरा समोरून, पूर्ण आणि स्वच्छ दिसायला नको का? कुठल्या खिडकीतून ऊन आलं होतं, हे तिथे कुणाला हवंय?

प्रदर्शनातलं सगळ्यात प्रचंड चित्र होतं राजमाता त्सू-शीचं. चौकटीसकट सुमारे १६ फूट उंच! ते काढलं कॅथरिन कार्ल या अमेरिकन चित्रकर्तीने. १९०० साली बीजिंगमध्ये परदेशी वकिलातींना वेढा पडला होता. त्यानंतर परदेशी वर्तमानपत्रं त्सू-शीला दुष्ट बाई म्हणून रंगवत होती. मग अमेरिकन वकिलाच्या पत्नीने सुचवलं, की तुमचं एक चित्र काढून घ्या आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात पाठवा. त्सू-शी तयार झाली.

ऑगस्ट १९०३ मध्ये काम सुरू झालं, तेही पंचांग पाहून काढलेल्या मुहूर्तावर! कॅथरिनला ही बाई हुबेहूब रंगवायची होती. पण दरबाराचे नियम कडक. सावली नको, खोली फार नको, सगळीकडे भरपूर उजेड हवा. कॅथरिन पुढे आपल्या पुस्तकात याबद्दल चांगलीच हळहळली आहे. पण तिने ऐकलं. त्सू-शी तेव्हा सत्तरीकडे झुकली होती, चित्रात मात्र ती कितीतरी तरुण दिसते.

मग हे चित्र खोटं का? मी खूप वेळ तिथे उभा राहिलो. कॅथरिनची हळहळ मला कळत होती, मीही चित्रकारच. पण बाकीच्या जगाने आपल्याला काळं रंगवलंय, हे त्या म्हातारीला ठाऊक होतं. निदान या एका चित्रात तरी तिला आपल्या चेहऱ्यावर काळं नको होतं.

आणि एकदम आजीचा आवाज कानात आला. 'अर्ध्या तोंडाला काळं फासलंस?'

आपल्याकडे तोंडाला काळं कधी फासतात? माणसाची बेअब्रू करायची असते तेव्हा! आजीला सावली कळत नव्हती असं नाही. तिला वाटलं होतं, नातू आपलं चित्र काढतोय, म्हणजे आपला मान करतोय. आणि मी तिला हसलो होतो.

परत आल्यावर ट्रंक उघडली. कागद होता. घडी नेमकी आजीच्या चेहऱ्यावरून गेलेली. मी नवा कागद घेतला आणि तिचं दुसरं चित्र काढलं. समोर तोंड, नऊवारी नीट चोपलेली, नाकात नथ, दोन्ही गाल उजळ. चित्र चांगलं झालंय, सगळे म्हणतात. पण जिने म्हणायला हवं होतं, ती आता नाही.

तुम्ही छायाप्रकाश जरूर शिका, दोस्तांनो. फार सुंदर विद्या आहे ती. मात्र या सुट्टीत आजीला, आजोबांना चित्रासाठी समोर बसवाल ना, तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी एवढं विचारा, "तुला कसं दिसायला आवडेल गं?"

उत्तर ऐकून हसू नका म्हणजे झालं!