तोरणमाळ घाटरस्ता (सायकल मार्ग)

तोरणमाळ घाटरस्ता हा नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणाकडे सातपुड्यातून चढत जाणारा रस्ता आहे. शहाद्याहून म्हसावद व राणीपूरमार्गे हे अंतर सुमारे ५५ कि.मी. आहे. आरंभीचा सपाट भाग ऊस, केळी व पपईच्या शेतांतून जातो. पुढे साग व मोहाचे जंगल लागते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर असल्याने एकूण चढ जवळजवळ एक हजार मीटरचा असून त्यातील बहुतेक घाटातच चढावा लागतो. सात पायरी घाटाची वळणे हा त्याचा सर्वांत दमवणारा भाग होय.

हा रस्ता सायकलींसाठी राखीव नाही. डोंगरातील वस्ती विरळ व पाडे विखुरलेले असल्यामुळे येथे एरवी वाहने कमी असतात. घाटातील भिल्ल व पावरा कुटुंबांना बाजार आणि दवाखाना गाठण्यासाठी याच रस्त्याचा आधार आहे. पावसाळ्यात दरड कोसळून तो बंद पडला, की आजाऱ्याला खाली नेणेही कठीण होते. प्रवाशांनी भरलेल्या जीपगाड्या अरुंद वळणांवर अचानक समोर येतात. रस्ता मोकळा आहे असे गृहीत धरून उतारावर वेग घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेमुळे घाटात मोठी गर्दी होते. सायकल प्रवासासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ, यात्रेचे दिवस वगळता, सोयीचा आहे. माथ्यावर यशवंत तलाव व सीताखाई ही ठिकाणे आहेत.