संगणकाविना संगणकीय विचार

संगणक शिक्षण म्हटले की कुलूपबंद कक्ष आणि आच्छादने घातलेली यंत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. वास्तविक यंत्रालाही समजेल इतक्या काटेकोर पायऱ्यांत विचार मांडणे ही मूळ विद्या आहे आणि तिला वीज लागत नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ मध्ये या 'संगणकीय विचारपद्धती'चा पुरस्कार केला. त्याआधीच, १९९० च्या दशकात, न्यूझीलंडमधील टिम बेल व सहकाऱ्यांनी पत्ते, दोरी, खडू यांच्या साह्याने संगणकशास्त्रातील कल्पना मुलांना शिकविण्यास प्रारंभ केला होता. भारतात एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पायाभूत टप्प्यापासून या विचारपद्धतीवर भर दिला; मात्र तेथे तिचा उल्लेख गणिताच्या जोडीने येतो आणि मग इतिहास-भाषेचे शिक्षक आपला याच्याशी संबंध नाही असे मानून मोकळे होतात.

भिवंडीतील निजामपुऱ्यासारख्या वस्तीत तर या विद्येचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. यंत्रमागावर ताण्याचा धागा उचलायचा की खालीच ठेवायचा, या दोनच पर्यायांतून वीण ठरते. फ्रान्सच्या जाकार याने १८०४ मध्ये हीच सूचना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागाला दिली आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात ती कल्पना घेतली. परिसर अभ्यासात स्थानिक व्यवसायाचा पाठ शिकविताना मुलांनी चौकटीच्या कागदासाठी एक-शून्यांच्या ओळी लिहाव्यात आणि शेजाऱ्याने त्यावरून नक्षी रंगवावी. नक्षी बिघडली तर चूक कोणत्या ओळीत, हे दोघांनी मिळून शोधावे.

इतिहासाचा तास याहून उपयुक्त. अफझलखान वध, शाहिस्तेखानावरील छापा, पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका अशा चिठ्ठ्या सन न लिहिता द्याव्यात. शेजारच्या दोन चिठ्ठ्यांची तुलना करायची, क्रम चुकला असेल तर अदलाबदल करायची. सर्व जागेवर येईपर्यंत हेच. तह झाला म्हणून महाराज आग्र्यास गेले, तेव्हा १६६५ चा तह १६६६ च्या सुटकेआधीचा, हे तर्काने कळते. अफझलखान (१६५९) आधी की शाहिस्तेखान (१६६३), हे मात्र निव्वळ तर्काने ठरत नाही. तेथे पुस्तक उघडून पुरावाच पाहावा लागतो. हा भेद मुलाच्या ध्यानात येणे ही या तासाची खरी कमाई होय, आणि सनावळी घोकून तो कधीच येत नाही.

अर्थात इतिहासाला यंत्र समजण्याचा मोह टाळला पाहिजे. यंत्राला तीच सूचना पुन्हा दिली तर तेच फळ मिळते. माणसांचे तसे नसते. आग्र्याचा बेत फसूही शकला असता, हे शिक्षकाने सांगायलाच हवे.

भाषेच्या तासाला शब्दकोश पुरेसा आहे. मधले पान उघडावे, हवा तो शब्द आधी की नंतर हे पाहून निम्मा भाग सोडावा. हजार पानांच्या कोशात फार तर दहा वेळा असे केले की पान सापडते. अडचण एकच, ती वेळेची. अशा पाठाला एकाऐवजी दोन तासिका जातात, त्यामुळे महिन्याकाठी एक-दोन पाठ घेणेच व्यवहार्य ठरेल.