भांगेचा दुसरा पेला

केदारखेड्याहून बोलतेय. धुळवड जवळ आली की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, चिलीम ओढणाऱ्याला लगेच चढते. मग ठंडाई पिलेला माणूस तासभर नीट बोलत होता, अन् नंतर एकदम आडवा कसा झाला?"

झाड एकच आहे. पाला वाटला की भांग, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्याचा चीक म्हणजे चरस. नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, पाल्यात कमी, फुलोऱ्यात जास्त आणि चरसात त्याहून जास्त. म्हणून आपण म्हणतो, भांग हलकी. पण किती घेतली आणि कोणत्या वाटेनं घेतली, यावर बरंच ठरतं.

धूर ओढला की टीएचसी फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतो. हे काही मिनिटांचं काम. अर्ध्या तासात नशा टोकाला जाते, दोन-चार तासांत बरीचशी उतरते. चढलेली कळते, म्हणून ओढणारा हात आवरू शकतो. आता यावरून कुणी चिलीम बरी म्हणू नका, छातीला धूर तो धूरच.

पोटात गेलेल्या भांगेची वाट लांबची. आधी आतडं, मग यकृत. यकृतात टीएचसीचं रूप बदलतं, आणि ते नवं रूपही चांगलंच जोरकस असतं. असर सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात, जेवण झालेलं असेल तर आणखी उशीर. टोक दोन-चार तासांनी येतं, गुंगी सहा-आठ तास टिकते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. टीएचसी पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतो. ठंडाईतलं दूध, बदाम, बर्फीतलं तूप उगाच नसतं.

खरा घात होतो तो या उशिरामुळं. "काहीच होईना" म्हणून पोरं दुसरा पेला घेतात. पहिला चढायला लागतो तेव्हा दुसरा पोटात असतो, आणि मग दोन्ही मिळून चढतात. त्यात पातेल्याच्या तळाचा पेला घट्ट असतो, गोळी कुणी सुपारीएवढी करतं, कुणी लिंबाएवढी. याला घरगुती माप नाही. रोजच्या माणसाला जे पचतं ते पहिल्यांदा घेणाऱ्याला पाडतं. वर दारू असेल तर विचारूच नका.

जास्त झालेल्याची छाती धडधडते, भीती वाटते, भास होतात, उलट्या होतात. त्याला एकटं सोडू नका, मोटारसायकलची किल्ली काढून घ्या. लिंबू-लोणच्यानं पोटात गेलेली भांग उतरत नाही. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

लहान लेकरानं ठंडाई किंवा बर्फी खाल्ली असेल तर वाट बघूच नका. लेकरू नुसतं झोपाळलेलं दिसतं, पण श्वास मंद होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईनं आणि गरोदर बाईनं तर घोटही घेऊ नये, टीएचसी आईच्या दुधात उतरतो.

आपल्याकडं परवान्याशिवाय भांग चालत नाही, म्हणून दवाखान्यात घरचे लपवतात. "काहीतरी बाहेरचं खाल्लं" म्हणतात. डॉक्टरांना सरळ सांगा, काय घेतलं, किती पेले घेतले आणि किती वाजता घेतले.