पासवर्डमध्ये ‘@’ टाकल्यानं नक्की काय होतं?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ थोडं कमी केलंय, बाकी गप्पा त्याच.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. “दादा, आमचे बाबा सगळे पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाहीत. हे किती डेंजर आहे, तूच सांग त्यांना.”

सांगतो. पण बाबांवर रागावण्याआधी एक प्रश्न विचारू. त्यांना ते लिहून ठेवायची वेळ का आली?

कारण ॲप म्हणतं, किमान एक कॅपिटल अक्षर हवं. मग एक आकडा हवा. मग एक स्पेशल कॅरेक्टर, पण तेही आम्हाला आवडेल तेच. सगळं जमवून झालं की ९० दिवसांनी पुन्हा दारात उभं: ‘आपला पासवर्ड एक्स्पायर झाला आहे.’ नवीन टाकायला जावं तर मागचे पाच चालणार नाहीत. साठीच्या माणसानं हे डोक्यात ठेवायचं कसं? आणि खरं सांगा, पंचविशीतल्या आपल्यालाही जमतं का?

आजचा मुद्दा एवढाच आहे, मंडळी. हा त्रास आपण ‘सिक्युरिटीसाठी असतं ते’ म्हणून सहन करतो. पण यातला बराचसा त्रास सिक्युरिटीच्या काही कामाचा नाही. आणि जो खरा धोका आहे, त्याबद्दल हे नियम चकार शब्द काढत नाहीत.

हे नियम आले कुठून?

अमेरिकेत एक सरकारी संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, थोडक्यात निस्ट. २००३ साली तिथल्या बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं पासवर्डबद्दल मार्गदर्शक सूचना लिहिल्या. कॅपिटल, आकडे, चिन्हं यांची मिसळ करा, पासवर्ड बदलत राहा, हा सगळा प्रकार त्या कागदामुळे जगभर पसरला. कंपन्या, बँका, कॉलेजची पोर्टल्स, सगळ्यांनी तो उचलला. लोक खरोखर कसे पासवर्ड ठेवतात याचा पुरेसा डेटा तेव्हा हाताशी नव्हता. २०१७ साली, निवृत्तीनंतर, बर यांनी एका मुलाखतीत कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो.

त्याच वर्षी निस्टनं सूचना बदलल्या. अक्षरांची मिसळ लादू नका. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, चोरी झाल्याचं दिसलं तरच लावा. लांब पासवर्ड घेऊ द्या. पासवर्ड पेस्ट करू द्या. आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असेल तर मात्र नाकारा. २०२५ च्या आवृत्तीत तर मिसळ लादण्याला सरळ मनाईच आहे.

तरी तुमच्या फोनमधली निम्मी ॲप्स अजून २००३ मध्येच राहतात.

आता ‘@’ कडे येऊ

चांगली कंपनी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्याचा ‘हॅश’ ठेवते. हॅश म्हणजे मिक्सरमधून काढलेली चटणी समजा. तेच जिन्नस त्याच मापात टाकले की दर वेळी तंतोतंत तीच चटणी निघते. पण चटणीतून पुन्हा अख्खं खोबरं काढता येत नाही.

मग चोर काय करतो? कंपनीच्या सर्व्हरवरून सगळ्या चटण्या चोरतो आणि घरी नेऊन स्वतःचा मिक्सर लावतो. एकेक अंदाज टाकायचा, चटणी काढायची, चोरलेल्या चटणीशी जुळते का बघायचं. इथे ‘तीन वेळा चुकला, अकाउंट लॉक’ वगैरे काही नसतं. ते कंपनीच्या दारावर असतं, चोराच्या घरात नाही. आणि त्याचा मिक्सर म्हणजे गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड. कंपनीनं जुनी, वेगवान हॅश पद्धत वापरली असेल तर सेकंदाला १,००० कोटी अंदाज धरून चालू.

आता आपण नियम कसा पाळतो ते बघा. कॅपिटल कुठे? पहिल्या अक्षराला. आकडे कुठे? शेवटी. चिन्ह कुठलं? ‘@’, फार तर ‘#’. म्हणजे ‘पुणे@१२३’, ‘साई@२०२४’. हे आपल्याला माहीत आहे, तसंच चोरालाही माहीत आहे. १०,००० नावं-गावं-देव, पाच चिन्हं आणि तीन आकडी १,००० शेपट्या धरा. गुणाकार होतो ५ कोटी. त्या मिक्सरला हे काम सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपतं.

ॲपवर मात्र हिरवी पट्टी आणि ‘स्ट्राँग पासवर्ड’!

उलट आता एक ६ बाजूंचा फासा घ्या. पाच वेळा टाकला की ७,७७६ शक्यता होतात. प्रत्येकीला एक शब्द ठरवलेला, अशी यादी इंटरनेटवर फुकट मिळते. असे पाच शब्द निघाले, एकमेकांशी काही संबंध नसलेले, तर एकूण शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. त्याच मिक्सरला सगळ्या तपासायला साधारण ९० वर्षं लागतील. ‘@’ नाही, कॅपिटल नाही, आणि दोन दिवसांत तोंडपाठ होतो. अट एकच, शब्द फाशानं निवडायचे. आवडत्या गाण्याची ओळ किंवा म्हण नको, ती चोराच्या यादीतही असते.

दर ९० दिवसांनी नवा? म्हणजे जुनाच

२०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ७,७०० हून अधिक बंद झालेल्या अकाउंट्सचे जुने पासवर्ड तपासले. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के अकाउंट्सचा नवा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला.

यात लोकांना मूर्ख म्हणण्यासारखं काही नाही. ‘१’ चा ‘२’ करायचा, ‘जाने’ चं ‘एप्रिल’ करायचं, हेच होणार. मी ऑफिसात हेच बघतो, तुम्हीही बघता. माणसाला अशक्य काम दिलं की तो त्यातून पळवाट काढतो.

मग खरा धोका कुठला?

एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरणं. बस.

२०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्डचे हॅश चोरीला गेले. सुरुवातीला आकडा ६५ लाखांचा वाटला. २०१६ मध्ये ११ कोटी ७० लाख लोकांचा डेटा विकायला आला, तेव्हा खरी व्याप्ती कळली. त्याच वर्षी जूनमध्ये मार्क झुकरबर्गची ट्विटर आणि पिंटरेस्ट अकाउंट्स काही काळ दुसऱ्यांच्या हातात गेली. करणाऱ्यांचा दावा होता की पासवर्ड त्याच लिंक्डइनच्या डेटात मिळाला. फेसबुकच्या मालकाची ही गोष्ट, तर आपलं काय!

त्याआधी २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड फुटले. या कंपनीनं चटणीसुद्धा केली नव्हती, पासवर्ड उघडेच ठेवले होते. अशा ठिकाणी तुमचा पासवर्ड १० अक्षरांचा असो की १०० अक्षरांचा, चोराच्या हातात आयताच पडतो. मग ईमेल आणि पासवर्डची ती जोडी एक प्रोग्राम शेकडो साइट्सवर लावून बघतो. ‘@’ तिथे काय करणार?

म्हणजे समजा, तुम्ही टी-शर्ट घेताना कुठल्या तरी बारक्या दुकानाच्या साइटवर अकाउंट काढलं. तिथे जो पासवर्ड टाकला तोच जीमेलचाही आहे. ते दुकान फुटलं की तुमचं जीमेल फुटलं. आणि जीमेल ज्याच्या हातात, त्याला बाकी पासवर्ड चोरायची गरजच नाही. प्रत्येक ठिकाणी ‘फरगॉट पासवर्ड’ दाबायचं, लिंक मेलवर येतेच. फोटो, रिझल्ट, ऑफर लेटर, आधारची पीडीएफ, सगळं त्याच घरात.

आपल्याकडचे खास प्रकार

ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड ठरलेला असतो: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. बऱ्याच बँका स्टेटमेंटला असाच फॉर्म्युला वापरतात, नावाची चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना. हा फॉर्म्युला त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असतो! नाव माहीत असेल तर तारीख-महिन्याच्या शक्यता फक्त ३६६. लॅपटॉपला हे काम म्हणजे चहा ओतेपर्यंतही लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही फाइल पाठवता, प्रिंट काढता, फाइल त्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. पासवर्ड काय, तर तुम्ही दुकानदारालाच सांगितलेला असतो. फाइल चुकून भलत्याला गेली तर थोडा अडसर, एवढाच या कुलपाचा उपयोग. तिजोरी समजू नका.

दुसरा प्रकार सिक्युरिटी क्वेश्चनचा. ‘आईचं माहेरचं आडनाव काय?’ अहो, आपल्याकडे हे गुपित असतं का? मामाचं आडनाव लग्नपत्रिकेत छापतात. आणि लग्नाचा बायोडेटा? जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, मामांचं नाव-गाव, शिक्षण, फोन नंबर, सगळं एका पानावर, शिवाय फोटो. आणि ते पान चाळीस व्हॉट्सॲप ग्रुपवर. सिक्युरिटी क्वेश्चनचं यापेक्षा चांगलं गाइड कुणी काढलेलं नाही. असा प्रश्न सक्तीचा असेल तर खरं उत्तर देऊ नका. काहीही ठोका आणि ते लिहून ठेवा.

हो, लिहून ठेवा

आता त्या बाबांकडे येऊ. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला तुमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि तो घरच्या वहीत, हे सगळीकडे एकच पासवर्ड डोक्यात ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त भिंतीवर नको, तिथे गॅसवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे येतात. छोटी वही करा, कपाटात ठेवा. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका. आणि यूपीआय पिन, एटीएम पिन त्या वहीत नको.

बाबांना ओरडू नका, मंडळी. वही आणून द्या.

आज रात्री करायची तीन कामं

पहिलं, ईमेलचा पासवर्ड बदला. फाशाचे पाच शब्द, दुसरीकडे कुठेही न वापरलेले. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. तिथेच रिकव्हरीला कुठला फोन नंबर दिलाय ते बघा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं बंद झालेलं सिम असेल तर लगेच काढा. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो.

दुसरं, पासवर्ड मॅनेजर वापरा. अँड्रॉइडमध्ये गूगलचा आहे, आयफोनमध्ये ॲपलचा आहे, बिटवॉर्डन फुकट आहे. तो प्रत्येक साइटसाठी वेगळा पासवर्ड बनवतो आणि लक्षात ठेवतो. वर एक फायदा म्हणजे खोट्या साइटवर तो पासवर्ड भरतच नाही, कारण त्याला पत्ता जुळलेला लागतो. आपल्या डोळ्यांना एका अक्षराचा फरक दिसत नाही, त्याला दिसतो. एखादं ॲप ‘पासकी’ देत असेल तर घ्या. त्यात पासवर्डच नसतो, किल्ली त्या एका साइटलाच लागते.

तिसरं, ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर आपला ईमेल टाकून बघा. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं २०१३ मध्ये ती सुरू केली. कुठल्या चोरीत तुमचा ईमेल सापडलाय ते कळतं. जिथे सापडेल तिथला, आणि तोच पासवर्ड वापरलेल्या सगळ्या जागांचा, बदला.

जाता जाता, माझ्या जातभाईंना

ऐकणाऱ्यांत डेव्हलपर बरेच आहेत. तुमच्या लॉगिनच्या पानावर पेस्ट बंद केलं असेल तर उद्या ते उघडा. पेस्ट बंद केल्यानं चोराला काडीचा फरक पडत नाही. अडतो तो मॅनेजर वापरणारा शहाणा युजर, आणि मग तोही कंटाळून ‘पुणे@१२३’ वर येतो. पासवर्ड १२ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही असं ॲप म्हणत असेल तर का, हे मीटिंगमध्ये विचारा. हॅश केल्यावर सगळ्या चटण्या एकाच मापाच्या होतात, मग जागा वाचवतोय कोणाची? ‘ऑडिटवाले मागतात’ असं उत्तर मिळेल. तेव्हा निस्टची नवी सूचना पुढे ठेवा.

कारण पैसे गेले की ॲप म्हणतं, ‘ग्राहकानं काळजी घेतली नाही.’ आणि घरातले बाबा, आई, आजी ते खरं मानून स्वतःलाच दोष देतात. पाळता येतील असे नियम देणं हे आपलं काम आहे, त्यांचं नाही.

तुमच्याकडे असा एखादा वैतागवाणा नियम असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त एक, पासवर्ड सांगू नका! भेटू पुढच्या भागात.